बॉल हाताला लागला की हात बॉलला?

मागच्या अंकात शेवटी एक ओळ टाकली होती की हँडबॉलबद्दल काही विचारायचं असेल तर पाठवा. चूक झाली. टपाल, मेल, व्हॉट्सॲप सगळीकडून पत्रं आली आणि निम्म्यांत प्रश्नच नाही, नुसता राग आहे. विषय बहुतेकांचा एकच, ५ जुलै २०२४, श्टुटगार्ट, युरो कपची क्वार्टर फायनल, स्पेन विरुद्ध जर्मनी, आणि स्पेनच्या त्या कुरळ्या केसांच्या कुकुरेयाचा हात. जमतील तेवढी घेतो.

प्रश्न : काका, मी २००६ पासून जर्मनीचा फॅन आहे. त्या रात्री पावणेबाराला मी एवढा ओरडलो की खालच्या मजल्यावरच्या आजी वर आल्या. तुम्ही ऑगस्टच्या अंकात लिहिलंत की रेफ्री टेलर बरोबर होता, यात वाद घालण्यासारखं काही नाही. आता सप्टेंबरमध्ये युएफाच्याच, म्हणजे युरोपच्या फुटबॉल संघटनेच्याच, रेफ्री कमिटीने म्हटलंय की पेनल्टी द्यायला हवी होती. आता बोला. (पुणे)

उत्तर : बोलतो. 'टेलरचा निर्णय त्याला दिलेल्या सूचनांना धरून होता' हे मी लिहिलं होतं ते मागे घेत नाही. 'वाद घालण्यासारखं काही नाही' हे मात्र मागे घेतो, कारण ते लिहून तीन महिने झाले आणि लोक अजून वादच घालतायत.

ज्यांनी मॅच बघितली नाही त्यांच्यासाठी थोडक्यात. ओल्मोने ५१व्या मिनिटाला स्पेनला पुढे नेलं, विर्ट्झने ८९व्या मिनिटाला बरोबरी केली, मॅच एक्स्ट्रा टाईममध्ये गेली. १०६व्या मिनिटाला जर्मनीच्या मुसियालाने बॉक्सच्या कडेवरून जोरात शॉट मारला, बॉल गोलच्या दिशेने चालला होता आणि मध्ये कुकुरेयाच्या हाताला लागला. अँथनी टेलरने खेळ चालू ठेवला. व्हीएआरच्या, म्हणजे व्हिडिओ बघून रेफ्रीला मदत करणाऱ्यांच्या, खोलीत बसलेल्या स्टुअर्ट ॲटवेलने तपासलं आणि टेलरला मॉनिटरकडे पाठवलंसुद्धा नाही. ११९व्या मिनिटाला मेरिनोने हेडर मारला, स्पेन २-१, जर्मनी घरी, आणि घर तर तिथंच होतं म्हणून जास्त लागलं. टोनी क्रूसची ती शेवटची मॅच ठरली.

आता नियम काय म्हणतो. पहिली गोष्ट म्हणजे बॉल हाताला लागला की हँडबॉल असं कुठंही लिहिलेलं नाही, उलट प्रत्येक स्पर्श गुन्हा नाही असं स्पष्ट लिहिलंय. गुन्हा कधी? मुद्दाम हात लावला तर. किंवा हाताने अंग 'अनैसर्गिकपणे मोठं' केलं तर, म्हणजे त्या क्षणाला खेळाडू जी हालचाल करतोय तिच्यात तो हात तिथं असण्याचं काही कारण नसेल तर. (स्वतःच्या हाताला लागून लगेच गोल केला तर तोही बाद, पण ते इथं नाही.) कुकुरेयाचा हात खाली लोंबत होता, अंगापासून थोडा सुटलेला, बाजूला पसरलेला नव्हता, आणि शॉट आल्यावर तो हात मागे घेत होता असं मला तरी फोनवर वीसेक वेळा मागेपुढे करून दिसलं. तुम्हाला वेगळं दिसलं असेल, त्यात काही वावगं नाही.

स्पर्धेच्या आधी युएफाचे रेफ्रींचे प्रमुख रोबेर्तो रोसेट्टी यांनी क्लिप दाखवून समजावलं होतं की हात अंगाच्या जवळ आहे, सरळ खाली आहे किंवा मागे आहे तर पेनल्टी द्यायची नाही. टेलर हे ऐकून मैदानात उतरला होता. सप्टेंबरमध्ये कमिटी काय म्हणते? गोलवर चाललेला शॉट हाताने अडला तर जास्त कडक वागा, हात अंगाला अगदी चिकटलेला असेल तरच सोडा, आणि इथं तो तसा चिकटलेला नव्हता म्हणून पेनल्टी हवी होती. म्हणजे बघा, जूनमध्ये वर्गात शिकवलं एक आणि सप्टेंबरमध्ये पेपर तपासला दुसऱ्याच मॉडेल आन्सरवरून, आणि नापास कोण, तर टेलर. दहावीच्या बोर्डाने असं केलं असतं तर पालकांनी मोर्चा काढला असता.

तुमचा खरा प्रश्न तुम्ही विचारलाच नाही, तो असा की मी असतो तर काय केलं असतं. मी अकरा वर्षं शाळा-कॉलेजच्या आणि जिल्ह्याच्या मॅचेसना शिट्टी वाजवली आहे, मोठा कोणी नाही. पण मी दिली असती पेनल्टी. हात सुटलेला होता, शॉट गोलवर होता, माझं बोट आपोआप स्पॉटकडे गेलं असतं आणि जूनच्या सूचनांप्रमाणे मी चुकलो असतो. जर्मनीचा प्रशिक्षक नागल्समानने मॅचनंतर हेच म्हटलं होतं, की हाताचा कोन कसला मोजताय, बॉल कुठं चालला होता ते बघा, आजकाल रोबो कॉफी आणून देतात तर कॉम्प्युटरला एवढं सांगता येणार नाही का. आपल्याला हे लगेच पटतं कारण आपण एलबीडब्ल्यूवर वाढलोय. पॅडला लागला ना, मग बॉल स्टंपवर जात होता की नाही दाखव, तीन लाल दिवे, आऊट. फुटबॉलचा नियम असा नाहीच. नियम हात बघतो आणि आपण गोल बघतो, सगळी भांडणं तिथनं सुरू होतात. सप्टेंबरच्या कागदात युएफाने मागच्या दाराने थोडं एलबीडब्ल्यू आत घेतलंय, एवढंच नवीन आहे त्यात.

आणि एक, रागावू नका. त्याच चालीत आधी जर्मनीचा फ्युलक्रुग ऑफसाईड होता असं म्हणणारेही बरेच आहेत. ते खरं असेल तर पेनल्टी दिली असती तरी व्हीएआरने परत घेतली असती आणि मग तुम्ही दोनदा ओरडला असता. आजींची तब्येत सांभाळा.

प्रश्न : मी गेली सहा वर्षं श्टुटगार्टला नोकरी करतो. मूळचा सांगलीचा. मॅचच्या दुसऱ्या दिवशी ऑफिसात मयतीला आल्यासारखं वातावरण होतं. ऑनलाइन पिटिशनवर लाखांच्या वर लोकांनी सह्या केल्या की मॅच परत खेळवा, माझ्या टीममधल्या तिघांनी केल्या, मलाही करायला लावली. नंतर म्युनिकला सेमी फायनलला कुकुरेयाच्या पायाला बॉल लागला की अख्खं स्टेडियम हूटिंग करत होतं. हे मला बरं नाही वाटलं पण बोलायची सोय नव्हती. मॅच परत होऊ शकली असती का हो? (श्टुटगार्ट)

उत्तर : नाही. रेफ्रीने डोळ्यासमोर घडलेल्या गोष्टीवर दिलेला निर्णय शेवटचा असतो. आयर्लंडला विचारा. नोव्हेंबर २००९, पॅरिसजवळचं स्टाद द फ्रान्स, वर्ल्डकपचा प्लेऑफ, थिएरी ऑन्रीने बॉल हाताने थांबवला, एकदा नाही दोनदा, आणि गॅलासला पास दिला, गोल. अख्ख्या जगाने बघितलं, रेफ्री हॅन्सन आणि त्याचे लाईन्समन सोडून. आयर्लंडने मॅच परत मागितली, फिफाने नाही म्हटलं, फ्रान्स दक्षिण आफ्रिकेला गेला (आणि तिथं जाऊन जे दिवे लावले ते वेगळंच). पुढे २०१५ मध्ये बाहेर आलं की फिफाने आयर्लंडच्या असोसिएशनला ५० लाख डॉलर दिले होते, कागदावर स्टेडियमसाठी कर्ज, नंतर तेही माफ. म्हणजे मॅच मिळाली नाही, पैसे मिळाले. तुमच्या सहीचे तेवढेही मिळणार नाहीत.

हूटिंगबद्दल तुमच्याशी सहमत. निर्णय रेफ्रीचा, शिव्या खेळाडूला. त्याने काय करायचं होतं, स्वतः हात वर करून पेनल्टी मागायची? तुमच्या टीममधल्या त्या तिघांना एक आठवण करून द्या, २००२ च्या वर्ल्डकपची क्वार्टर फायनल, जर्मनी विरुद्ध अमेरिका, गोललाईनवर उभ्या असलेल्या टोर्स्टेन फ्रिंग्सच्या हाताला बॉल लागला, रेफ्री ह्यू डॅलसने काही दिलं नाही, जर्मनी १-० ने जिंकली आणि पुढे फायनलपर्यंत गेली. त्यावेळी किती सह्या केल्या म्हणावं. पण अप्रेझल झाल्यावर विचारा.

आणि कुकुरेया बर्लिनच्या फायनलमध्येही हूटिंग ऐकतच खेळला, ८६व्या मिनिटाला त्यानेच ओयार्साबालला बॉल दिला आणि इंग्लंडवर २-१ झाले.

प्रश्न : डेन्मार्कच्या अँडरसनच्या बोटाला बॉल नुसता घासला तर पेनल्टी आणि इथं चक्क हाताने अडवला तर काही नाही? टीव्हीवर तो हार्टबीटसारखा ग्राफ दाखवला होता तो इथं का नाही दाखवला? (नाशिक)

उत्तर : तो ग्राफ म्हणजे आपला स्निकोच. बॉलच्या आत सेन्सर बसवलेला होता, सेकंदाला ५०० वेळा नोंद घेणारा, त्यामुळे बॉलला कशाचाही स्पर्श झाला की रेघ उडी मारते. २९ जूनला डॉर्टमुंडला जर्मनी-डेन्मार्क मॅचमध्ये जर्मनीच्या राउमचा क्रॉस अँडरसनच्या बोटांना लागला की नाही हाच प्रश्न होता, ग्राफने सांगितलं लागला, हात बाजूला पसरलेला होता, म्हणून पेनल्टी, हावर्ट्झचा गोल. बिचाऱ्या अँडरसनने त्याच्या काही मिनिटं आधी दुसऱ्या बाजूला गोल केला होता आणि तो डेलनी ऑफसाईड म्हणून रद्द झाला होता. प्रशिक्षक हुलमांड प्रेस कॉन्फरन्सला फोनवर त्या ऑफसाईडचा फोटो दाखवत बसले होते, माणूस रडायचा बाकी.

कुकुरेयाच्या बाबतीत लागला की नाही हा प्रश्नच नव्हता, लागलाच होता. सेन्सर स्पर्श सांगतो, हात तिथं असायला हवा होता की नको हे सांगत नाही. स्निकोवरून कॅच कळतो, एलबी नाही कळत.

आता मजा बघा, एकाच स्पर्धेत, सहा दिवसांच्या अंतराने, जर्मनीला एक हँडबॉल मिळाला आणि एक नाही मिळाला. जर्मन फॅन पहिल्याबद्दल बोलत नाहीत आणि डॅनिश फॅन दुसऱ्याबद्दल पोट धरून हसतात.

प्रश्न : भावा, हे युरो-बिरो राहू दे. आमच्यात बॉल हाताच्या जवळनं गेला तरी अख्खी गॅलरी 'हँड हँड' करून उठती. परवा खांद्याला लागला तर रेफ्रीनं नाही दिला, मग राडा. हात म्हणजे नेमका कुठनं कुठपर्यंत ते एकदा छापून टाका, कापून स्टेडियमवर नेतो. (कोल्हापूर)

उत्तर : कापून न्या. हात खाली सोडून उभं राहा, काखेचा सगळ्यात खालचा भाग जिथं येतो तिथं दंडावर आडवी रेघ मारा. रेघेच्या वर खांदा, तिथं लागला तर चालतं. रेघेच्या खाली नखापर्यंत सगळा हात. टी-शर्टची बाही कुठं संपते याच्याशी संबंध नाही, बाही ज्याची त्याची वेगळी असते.

पण एक सांगतो. गॅलरीतून काख दिसत नाही. पेठांच्या मॅचला मी प्रेक्षक म्हणून बसलोय, कोल्हापूरच्या गॅलरीसारखी गॅलरी महाराष्ट्रात दुसरीकडे नाही, आणि तिथं शिट्टी वाजवायचं माझं धाडस कधीच झालं नाही हे कबूल करतो.

प्रश्न : माझा मुलगा बारा वर्षांचा आहे, ठाण्यात टर्फवर कोचिंगला जातो. हल्ली टीव्हीवर बघून तो बचाव करताना दोन्ही हात पाठीमागे बांधून पळतो, अगदी शाळेत शिक्षा झाल्यासारखा. दोनदा तोंडावर पडलाय. हे बरोबर आहे का? (ठाणे)

उत्तर : ताई, त्याला म्हणावं पळताना हात सोड. मोठे डिफेंडर हात मागे घेतात ते बॉक्सच्या आत, समोरचा शॉट किंवा क्रॉस मारायच्या बेतात असताना, तेवढे दोन सेकंद. हात मागे बांधले की तोल जातो, वळता येत नाही आणि समोरचा पोरगा हसत निघून जातो. पडताना हात जमिनीला टेकवला आणि तिथं बॉल लागला तर तो साधारणपणे गुन्हा धरत नाहीत, हेही त्याला सांगा, नाहीतर पडतानाही हात मागे ठेवेल आणि तुम्हाला डेंटिस्ट गाठायला लागेल.

तोंड वाचवायला हात वर गेला तर मुलांच्या मॅचला रेफ्रीने डोकं वापरावं. मी वापरलं नव्हतं. एका आंतरशालेय फायनलला एका मुलाने चेहऱ्यासमोर हात धरला, बॉल लागला आणि मी झटकन पेनल्टी दिली. ती शाळा त्याच गोलवर हरली. तो मुलगा मला काही बोलला नाही, नुसता हाताकडे बघत उभा राहिला. याला आता पंधरा-सोळा वर्षं झाली, शॉट कोणी मारला होता ते आठवत नाही, तो मुलगा आठवतो.

प्रश्न : मॅराडोनाने केलं तर देवाचा हात आणि कुकुरेयाने केलं तर चोर? आम्ही घरात सगळे अर्जेंटिनावाले, पण मुलीने हा प्रश्न विचारला आणि कोणाला उत्तर देता आलं नाही. (मडगाव)

उत्तर : मुलगी हुशार आहे. मॅराडोनाचा तर उघड मुद्दाम होता, २२ जून १९८६, मेक्सिकोचं ॲझ्टेका स्टेडियम, ५१वं मिनिट, इंग्लंडच्या गोलकीपर शिल्टनच्या वर उडी मारून मुठीने. ट्युनिशियाचे रेफ्री अली बिन नासर यांनी लाईन्समनकडे बघितलं, तिकडून काही इशारा आला नाही, गोल. आपण सगळे माफ करतो कारण चार मिनिटांनी त्याने अर्ध्या मैदानापासून एकेकाला चकवत जो दुसरा गोल केला तो बघितल्यावर पहिल्याबद्दल तक्रार करायला तोंडच राहत नाही. इंग्लंडवाल्यांना राहतं. त्या मॅचचा बॉल बिन नासर यांनी जपून ठेवला होता आणि २०२२ मध्ये लिलावात तो २० लाख पौंडांना गेला, म्हणजे त्या हाताने रेफ्रीचंही भलं केलं.

मुलीला सांगा, देवाचा हात हे नाव त्याने स्वतःच दिलं. कुकुरेयाने नाव नाही दिलं, एवढाच फरक.

प्रश्न : उरुग्वेच्या सुआरेझने २०१० च्या वर्ल्डकपला घानाचा गोल हाताने अडवला. रेड कार्ड मिळालं, पेनल्टी मिळाली, जियानने बारवर मारली. मग सुआरेझ चीटर कसा? नियमात होती ती शिक्षा भोगली की त्याने. आमच्या हॉस्टेलला यावरून दोन रूम एकमेकांशी बोलत नाहीत. (नागपूर)

उत्तर : दोन्ही रूम बरोबर आहेत, म्हणूनच बोलत नाहीत. १२० मिनिटं संपलेली, १-१, अडियाचा हेडर आत चाललाय, सुआरेझ लाईनवर उभा राहून गोलकीपरसारखा दोन्ही हातांनी अडवतो. घानाला नक्की झालेल्या गोलच्या बदल्यात गोलची फक्त संधी मिळाली, आणि असामोआ जियानने ती क्रॉसबारवर घालवली. त्याच जियानने काही मिनिटांनी शूटआऊटमध्ये घानाची पहिली किक आत मारली, मला तर ते जास्त कठीण वाटतं. उरुग्वे ४-२ ने पुढे.

माझं मत रग्बीच्या बाजूचं. तिथं नक्की होणारा स्कोअर गुन्हा करून अडवला तर स्कोअर दिलाच जातो. लाईनवर मुद्दाम हाताने अडवलं तर सरळ गोल द्या, किकची भानगडच नको. पण मुद्दाम असेल तरच. २०२४-२५ च्या हंगामापासून फुटबॉलनेही तेवढा फरक केलाय, नक्की गोल हाताने अडला पण मुद्दाम नव्हता तर पेनल्टी आणि रेडऐवजी यलो. आता मुद्दाम होता की नाही हे कोण ठरवणार? रेफ्री. झालं, परत तुमच्या दोन रूम.

प्रश्न : युरोपवाल्यांचं एवढं कौतुक, ११ जून २०२४ ला दोह्याला कतारविरुद्ध आपल्यावर झालं त्याचं काय? (मुंबई)

उत्तर : ते हँडबॉल नाही, पण जखम ताजी आहे म्हणून घेतो. छांगतेच्या गोलवर आपण पुढे होतो, ७३व्या मिनिटाला बॉल गोललाईनच्या बाहेर गेलेला, कतारच्या खेळाडूने तो पायाने मागे ओढला, आयमेनने आत मारला आणि रेफ्रीने गोल दिला. व्हीएआर नव्हता. शेवटी २-१ ने हरलो आणि वर्ल्डकप क्वालिफायिंगमधून बाहेर. छेत्री निवृत्त झाल्यानंतरची पहिलीच मॅच. जर्मनीकडे निदान हाताचा कोन काय होता यावर भांडायची चैन आहे, आपला बॉल तर बाहेर होता.

प्रश्न : मॅचच्या रात्री मित्राशी पैज लागली. मी म्हटलं पेनल्टी होती, तो म्हणाला नव्हती. ठरलं की युएफाने चूक मान्य केली तर त्याने सगळ्या ग्रुपला मिसळ द्यायची. सप्टेंबरला मान्य केली. आता तो म्हणतो की युएफाने नाही, युएफाच्या कमिटीने केली आणि टेलरला तर कोणी चुकीचं म्हटलंच नाही. आम्ही सात जण आहोत. तुमचा निर्णय शेवटचा मानू असं दोघांनी कबूल केलंय. (सातारा)

उत्तर : प्रकरण व्हीएआरकडे गेलं, मॉनिटर बघितला, खेळ परत सुरू करतो. कमिटी युएफाची, कागद युएफाचा, 'पेनल्टी द्यायला हवी होती' हे शब्द त्यातले. सात मिसळ मित्राच्या खात्यावर. पण टेलरला आधी जे शिकवलं होतं त्याप्रमाणे तो वागला हे मित्राचं म्हणणं मीही वर मान्य केलंय, त्यामुळे एक्स्ट्रा पाव आणि ताक तुमच्याकडे. या निर्णयावर अपील नाही, पिटिशनवर सह्या गोळा करू नयेत.